सोलापूरच्या उन्हात अंगोरा ससा: लोकर किती वंशातून, किती हवेतून

अंगोरा ससा हे थंड हवेचे जनावर. आपल्या देशात त्याचे पालन मुख्यतः हिमाचल, उत्तराखंड, सिक्कीम अशा डोंगरी भागांत होते. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे यासाठीचे केंद्रही कुल्लूजवळ गडसा येथे आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, त्यामुळे इथे अंगोरा पाळायचा की नाही हा पहिला प्रश्न आहे. आमचे मत असे: दहा-वीस जनावरांपर्यंत, बंद आणि थंड ठेवता येईल अशा खोलीत, विजेची पर्यायी सोय असेल तर जरूर पाळावा. पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये पाळू नये. तिथे मे महिन्यात लोकर तर घटतेच, जनावरही दगावते.

पुढचे सगळे हे मत धरून लिहिले आहे. नव्या पालकाचा पैसा बहुतेक वेळा चुकीच्या क्रमाने खर्च होतो. आधी 'जर्मन' वंशाच्या अंगोराची महागडी जोडी येते, मग पिंजरा, आणि कूलर आठवतो तो पहिला ससा धापा टाकू लागल्यावर.

वंशातून काय येते

लांब केस हा एकाच जनुकाचा गुण आहे, आणि तो अप्रभावी आहे. एफजीएफ-5 नावाचे जनुक केसाची वाढ थांबवण्याचा इशारा देते. अंगोरात ते बिघडलेले असते, म्हणून इशारा उशिरा मिळतो. साध्या सशाचा केस पाच-सहा आठवड्यांत वाढायचा थांबतो, अंगोराचा सुमारे 14 आठवडे वाढत राहतो. पिल्लाला हा गुण आई आणि बाप दोघांकडून मिळावा लागतो. अंगोरा नर न्यूझीलंड व्हाइट या आखूड केसांच्या जातीच्या मादीला दिला तर पहिल्या पिढीतली सगळी पिल्ले आखूड केसांची निघतात. ती आपसांत लावली तर चारांत सरासरी एक लांब केसांचे. 'अर्धा अंगोरा आहे, मोठा झाला की केस येतील' असे सांगून कोणी पिल्लू विकत असेल तर घेऊ नका. त्याला केस येणार नाहीत.

लांबी एका जनुकाची असली तरी वजन तसे नाही. एका कातरणीत किती ग्रॅम निघेल ते कातडीवर केसांची मुळे किती दाट आहेत, अंगाचा आकार किती, मऊ केस आणि राठ केस यांचे प्रमाण काय, अशा अनेक गोष्टींवर ठरते, आणि त्यामागे पुष्कळ जनुके असतात. थंड हवेत चांगल्या निगेतली जर्मन अंगोरा मादी वर्षाला एक किलोपेक्षा जास्त लोकर देते, ती अनेक दशके वजने नोंदवून केलेल्या निवडीमुळे. दुसरीकडे, संकरातून चुकून निघालेले लांब केसांचे पिल्लू दिसायला अंगोरा असते, पण त्याची लोकर विरळ निघते.

लोकरीच्या वजनाचा अनुवंशांक, म्हणजे आई-बापांतल्या सरसपणाचा किती हिस्सा पिल्लांत उतरतो तो आकडा, मध्यम आहे, साधारण 0.2 ते 0.4. हिशोबासाठी 0.3 धरा. समजा नर गटाच्या सरासरीपेक्षा कातरणीला 40 ग्रॅम जास्त देतो आणि मादी 20 ग्रॅम. दोघांची सरासरी 30. त्याचा 0.3 पट म्हणजे 9 ग्रॅम. पिल्लांकडून सरासरीपेक्षा एवढीच वाढ अपेक्षित धरायची. वर्षात पाच कातरण्या म्हणजे 45 ग्रॅम. आता याच्या शेजारी हवेचा हिशोब ठेवा. थंडीत 150 ग्रॅम देणारा तोच ससा उन्हाळी कातरणीत चौथा हिस्सा कमी देऊ शकतो, म्हणजे एका कातरणीत 37-38 ग्रॅमची तूट. सोलापुरात पहिली दोन वर्षे खोलीवर खर्च करा असे आम्ही म्हणतो ते यासाठी. जात सुधारायला पिढ्या लागतात, कूलर पहिल्याच मेमध्ये उपयोगी पडतो.

आधी खोली

सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून आणि श्वासातून बाहेर टाकतो, आणि अंगोराच्या अंगावर तर वरून रजईच असते. 15 ते 21 अंश त्याला मानवतात. 30 च्या पुढे तो खाणे कमी करतो आणि लोकर तिथेच घटू लागते, कारण केस हे जवळजवळ निव्वळ प्रथिन आहे. 35 च्या पुढे जीव धोक्यात येतो.

सोलापूरची एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे: इथला उन्हाळा कोरडा असतो. दुपारी 41 अंश आणि आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास असली तर ओल्या जाळीचा साधा डेझर्ट कूलर खोली 28-29 पर्यंत आणू शकतो. कोकणात हे जमत नाही. पण हाच कूलर ऑगस्टमध्ये निरुपयोगी ठरतो. हवेत आधीच ओल असते, तापमान तीन-चार अंशांनी जेमतेम उतरते आणि खोली दमट होते. दमट खोलीत केसांच्या जटा होतात आणि कातडीवर बुरशी येते. खोलीत तापमापकाशेजारी आर्द्रतामापक टांगा. 70 टक्क्यांच्या वर काटा गेला की कूलरचा पंप बंद, नुसता पंखा आणि एक्झॉस्ट चालू.

वीस सशांना 12 × 10 फुटांची, किमान 10 फूट उंचीची खोली पुरते. भिंती जाड असाव्यात. पत्र्याचे छत असेल तर वरून चुन्याचा जाड थर द्या आणि खाली कडब्याचे किंवा बांबूच्या तट्ट्यांचे दुसरे छत करा. पश्चिमेची भिंत सावलीत हवी. त्या बाजूला शेवगा लावलात तर सावली दोन वर्षांत मिळते. कूलर एका भिंतीला, तर हवा बाहेर जाण्याची जागा समोरच्या भिंतीला वरच्या अंगाला. कूलर असूनही खोली गार होत नाही अशी तक्रार येते, तिथे बहुधा खिडक्या बंद करून कूलर चालवलेला असतो. हवा बाहेर गेली नाही की आत फक्त ओल साठते. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको.

लोडशेडिंगसाठी पंख्यापुरता इन्व्हर्टर ठेवा. तोही नसेल तर एक लिटरच्या पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवा आणि वीज गेली की प्रत्येक पिंजऱ्यात एकेक आडवी टाका. ससा तिला टेकून बसतो. तोंड उघडे ठेवून श्वास, लाळेने ओली झालेली हनुवटी, लाल गरम कान ही उष्माघाताची खूण. अशा वेळी कान साध्या गार पाण्याने ओले करत राहा आणि पशुवैद्याला बोलवा. ससा बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, त्या धक्क्यानेच तो मरतो.

पिंजरा प्रत्येकाला वेगळा. 75 × 60 सेंटिमीटर तळ आणि 45 सेंटिमीटर उंची पुरते. दोन मोठे ससे एकत्र ठेवले तर ते भांडतात, एकमेकांचे केस खातात, लोकरीच्या जटा होतात. पिंजऱ्याखालची लेंडी-मूत्र साठू देऊ नका. अमोनियाने आधी सर्दी-फुफ्फुसाचे रोग येतात आणि पोटाकडची लोकर पिवळी पडते. तो पिवळेपणा धुऊन जात नाही.

दिवसाची लांबी

युरोपातल्या माहितीत उन्हाळी लोकर घटण्याचे मोठे कारण म्हणून लांब दिवस सांगितलेला असतो. दिवस आखूड झाला की अंगातले मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि केसांची वाढ जोर धरते, हे खरे आहे. पण आपल्याकडे सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या आसपास. फरक फार नाही. इथे घट प्रामुख्याने उष्णतेची आणि त्यामुळे कमी झालेल्या खाण्याची. एवढे पाळा: लोकरीच्या सशांच्या खोलीत रात्री दिवा चालू ठेवू नका. विणीच्या माद्यांना उलट 14-16 तास उजेड लागतो, म्हणून त्या वेगळ्या भागात ठेवा.

खाद्य

खाद्यात 17 टक्क्यांच्या आसपास प्रथिने आणि 14-15 टक्के तंतू हवेत. नुसत्या प्रथिनांच्या आकड्यावर जाऊ नका. केसाच्या प्रथिनात गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर असतात, म्हणून मिथिओनिन आणि सिस्टीन मिळून खाद्याच्या 0.8 टक्के असावीत. शेंगदाणा पेंडीत ती कमी असतात. शिवाय ओलसर पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष होते, जे सशाला अगदी थोडेही सोसत नाही. सूर्यफुलाची पेंड याबाबतीत उजवी. सुमारे 100 किलो मिश्रणासाठी:

मका भरडा 22 किलो, गव्हाचा कोंडा 28, सूर्यफूल पेंड 17, सोयाबीन पेंड 5, वाळलेल्या लसूणघासाचा चुरा 25, खनिज मिश्रण 2, मीठ अर्धा किलो आणि डीएल-मिथिओनिन 200 ग्रॅम. मिथिओनिन कोंबडीखाद्याच्या दुकानात मिळते. ते आधी दोन किलो कोंड्यात नीट मिसळून मगच ढिगात घाला, नाहीतर एका सशाला जास्त आणि दुसऱ्याला काहीच नाही असे होते. मिश्रणाच्या गोळ्या पाडून घ्या. पूड नाकात जाते आणि मानेच्या लोकरीत बसते.

प्रमाण कातरणीच्या दिवसापासून मोजा. पहिला महिना रोज 170-180 ग्रॅम, दुसरा महिना 160, त्यानंतर 140-150. नुकत्याच कातरलेल्या सशाला अंगाची ऊब राखायला जास्त लागते आणि तेव्हाच केसही वेगाने वाढतो. शेवटी तेवढेच देत राहिले तर चरबी चढते. उन्हाळ्यात दोन तृतीयांश खाद्य सूर्यास्तानंतर द्या. दुपारी दिलेले तसेच पडून राहते. पाणी स्वच्छ आणि गार हवे. टाकी गच्चीवर असेल तर पिंजऱ्यातल्या पाण्याच्या निपलमध्ये गरम पाणी येते आणि ससा पीत नाही; पाणी प्यायला नाही की खातही नाही.

आठवड्यातून एक दिवस गोळ्या बंद ठेवा, फक्त वाळले गवत आणि पाणी द्या. ससा अंग चाटताना केस गिळतो आणि त्याला उलटी होत नाही. गवताच्या तंतूंबरोबर केस पुढे सरकतात. ते अडकले तर पोटात गोळा होतो, लेंड्या बारीक होतात किंवा केसात माळेसारख्या ओवलेल्या दिसतात.

सुबाभूळ मात्र देऊ नका. तिच्या पाल्यातल्या मिमोसिनने केस मुळापाशी कमकुवत होऊन गळतात. मेंढ्यांची लोकर न कातरता काढता यावी म्हणून याच द्रव्यावर प्रयोग झाले आहेत. शेळ्यांसाठी बांधावर सुबाभूळ लावलेली असते, हाताशी असते म्हणून सशालाही टाकली जाते, आणि मग लोकर का झडते याचा शोध औषधाच्या दुकानात सुरू होतो. गवत देतानाही कुसळ, सराटा आणि गोखरू निवडून काढा. लोकरीत गेलेले कुसळ सुताच्या पेळूपर्यंत पोचते.

कातरणीच्या तारखा

वर्षाचे 365 दिवस भागिले पाच म्हणजे 73 दिवस. एवढ्या काळात केस साधारण साडेपाच-सहा सेंटिमीटर होतो, आणि वरच्या प्रतीसाठी तेवढी लांबी लागते. सोलापूरसाठी आम्ही या तारखा सुचवतो: 10 एप्रिल, 22 जून, 3 सप्टेंबर, 15 नोव्हेंबर, 27 जानेवारी. यात उन्हाचा कडाका सुरू होताना अंगावर केस आखूड असतो आणि नोव्हेंबर ते जानेवारी हा सगळ्यात चांगला वाढीचा काळ एकाच कातरणीत सलग मिळतो.

सगळे मोठे ससे एकाच तारखेला, फार तर दोन दिवसांत कातरा. सोयीप्रमाणे आज दोन, पुढच्या आठवड्यात चार असे केले तर वजनांची तुलनाच होत नाही.

पिल्लांची पहिली कातरणी साठाव्या दिवशी. ती थोडीच निघते, आखूड असते, तिच्यावरून निवड करू नका. खरा अंदाज तिसऱ्या-चौथ्या कातरणीपासून.

कातरताना ससा टेबलावर, गोणपाट पसरून ठेवा. आधी ब्रशने कचरा झाडा. पाठीच्या कण्यावर केसांचा भांग पाडा, डाव्या हाताने कातडी ताणून धरा आणि लांब कात्रीने शेपटाकडून मानेकडे पट्टा-पट्टा घ्या. कात्री कातडीला समांतर हवी. एकदा कापलेल्या जागी पुन्हा कात्री फिरवली की अर्धा सेंटिमीटरचे तुकडे पडतात. ते चांगल्या लोकरीत मिसळले की सूत तुटते. मादीची आचळे बोटांनी झाकून घ्या. जांघेतली कातडी सैल असते, सगळ्यात जास्त जखमा तिथेच होतात. केस उपटून काढू नका. कापलेल्यापेक्षा लोकर दिसायला चांगली असली तरी जनावराला वेदना होतात, आणि जर्मन वंश कात्रीसाठीच तयार केलेला आहे.

तिथल्या तिथे चार भाग करा: सहा सेंटिमीटर आणि पुढची स्वच्छ, त्याखालची स्वच्छ, जटांची, आणि मळकी-पिवळी. प्रत्येक भाग एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोला.

नोंदवही आणि निवड

एका सशाला एक पान. कानावरचा गोंदण क्रमांक, आई-बाप, जन्मतारीख, किती पिल्लांच्या वेतातला, आणि मग प्रत्येक कातरणीला तारीख, कितवी कातरणी, सशाचे वजन, लोकरीच्या चार भागांचे ग्रॅम, मादी गाभण किंवा पाजती होती का. शेवटचा रकाना विसरला जातो आणि निवड तिथेच फसते. गाभण-पाजत्या मादीची लोकर तिसऱ्या हिश्शापर्यंत कमी होते. ती नोंद नसेल तर कळपातली सगळ्यात गुणी आई 'कमी देणारी' म्हणून विकली जाते. माद्या नरांपेक्षा मुळातच जास्त देतात, म्हणून नराची तुलना नरांशीच करा. वयाचेही तसेच, तीन वर्षांच्या पुढे वजन उतरू लागते.

प्रत्येक वजनातून त्या दिवसाची, त्या गटाची सरासरी वजा करा. अधिक-उणे आलेला आकडा हाच त्या सशाचा गुण. किमान तीन कातरण्यांच्या गुणांची सरासरी काढल्याशिवाय कोणाला ठेवायचे ते ठरवू नका. एखाद्या कातरणीत आजाराने किंवा बंद पडलेल्या निपलनेही आकडा पडतो.

नरांची संख्या कमी करण्याचा मोह आवरा. दोन नर आणि दहा माद्यांच्या बंद कळपात दर पिढीला सगोत्रता, म्हणजे जवळच्या नात्यातली वीण, साधारण 7.5 टक्क्यांनी वाढते. पाच नर आणि पंधरा माद्या ठेवल्या तर 3.3 टक्के. सगोत्रतेने आधी वेत लहान होतात, पिल्ले मरतात, मग लोकर घटते. पाच नर पाळणे परवडत नसेल तर दोन-तीन पालकांनी मिळून नर फिरवावेत. नोंदवह्या एकाच पद्धतीच्या ठेवल्या तर त्याचा दुप्पट उपयोग होतो.

वीण

नर 30 अंशांच्या वर राहिला की वीर्य बिघडते आणि गारवा आल्यावरही सुधारायला सहा-आठ आठवडे लागतात. म्हणून एप्रिल ते जुलै वीण घेऊ नका. ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ ठेवा. बाहेरून जनावरे आणायची असतील तर तीही नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच, म्हणजे पहिल्या उन्हाळ्याआधी त्यांना चार महिने मिळतात.

गर्भ 30-31 दिवसांचा. मादी घरट्यासाठी पोटाचे केस काढते; अंगोराचा लांब केस पिल्लांच्या पायांत, मानेत गुंडाळून फास बसतो. ते केस काढून घ्या, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून परत घाला.

एका मादीखाली सहापेक्षा जास्त पिल्ले ठेवू नका, जास्तीची त्याच दिवशी व्यालेल्या दुसरीकडे द्या. केसांची बरीचशी मुळे जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत तयार होतात. त्या काळात दूध कमी पडलेले पिल्लू पुढे कितीही खाल्ले तरी दाट लोकर देत नाही. चांगल्या वंशाचे पिल्लू घरी येऊन विरळ निघाले तर आधी हे तपासा: ते किती पिल्लांच्या वेतातले होते?

साठवण

अंगोरा लोकरीत मेंढीसारखा तेलकटपणा नसतो, त्यामुळे ती न धुता ठेवता येते. सुती पिशवीत सैल भरा, दाबू नका. दाब आणि ओल मिळाली की ती थापटून नमद्यासारखी होते. कसर लागू नये म्हणून पत्र्याच्या डब्यात, कापडात बांधलेल्या डांबरगोळ्यांसह ठेवा आणि पावसाळ्यात महिन्याला एकदा उघडून पाहा. इथल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीत ती मिसळू नका. घोंगडीची ती लोकर राठ आणि टिकाऊ, अंगोराचा मऊ केस 11 ते 14 मायक्रॉन जाडीचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मिश्रणात तो राठ केसांमधून सुटून बाहेर येतो. केसाची खवले गुळगुळीत असल्याने निव्वळ अंगोराचे सूतही चरख्यावर घसरते. मेरिनो मेंढीच्या बारीक लोकरीत किंवा रेशमात मिसळून ते धरते. पिशवीवर कातरणीची तारीख आणि प्रत लिहून ठेवा, कारण घेणारा पहिल्यांदा लांबी विचारतो.